जोडीदाराची खूण

दोन्या इर्माच्या, म्हणजे इर्माबाईंच्या, तळ्याकाठच्या कॅम्पिंगमध्ये कोणतीच जागा कुणाच्या नावावर नव्हती, पण दुसऱ्याच्या जागेत तंबू ठोकायची कुणाची छाती नव्हती. ज्या झाडाखाली आजीनं पहिला तंबू ठोकला त्याच झाडाखाली नातवानं ठोकायचा, मग मुळं पाठीत टोचोत की मुंग्या चावोत. तळ्याचा काठ लांबलचक, झाडं भरपूर, पण दर जानेवारीला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, माणसं तीच आणि तिथल्या तिथंच. बारिएंतोस भावांची पंचाईत झाली ती यामुळेच.

त्यांच्या दोन तंबूंच्या मधे एकच चूल होती. त्यांच्या आईनं, दोन्या एल्विरानं, तरुणपणी तळ्यातले काळे दगड झग्याच्या घोळातून वाहून आणून ती मांडली होती. चूल हलवायची तर आईचे दगड हलवायला हवेत, आणि जागा सोडायची तर ती दुसऱ्यानं सोडावी. दोघंही आईवर गेलेले, म्हणजे हट्टाला पक्के. तेव्हा दोघं एकाच चुलीवर वेगवेगळ्या वेळी मांस भाजत. थोरला तातो लवकर जेवे आणि उठताना निखाऱ्यांवर राख ओढून ठेवी. धाकटा नेस्तोर उशिरा येई, राख बाजूला करी आणि आयत्या विस्तवावर आपली जाळी ठेवी. विस्तव कुणी राखला याची चौकशी त्यानं कधी केली नाही. आग फुकट घालवणं बरं नव्हे, एवढंच तो बायकोला, मिर्ताला, सांगे.

भांडण जमिनीचं नव्हतं, घराचं नव्हतं. तसं असतं तर एखाद्या वकिलानं मिटवलं असतं. नेस्तोर दक्षिणेला तेलाच्या विहिरींवर कामाला होता, आणि तातो गावात, आईच्या शेजारच्या गल्लीत. आई आजारी पडली. हे दुखणं बरं होण्यातलं नाही, हे डॉक्टरांनी तातोला सांगितलं, आणि तातो फोनवर नेस्तोरला सांगत राहिला, "म्हातारी मजेत आहे रे. जरा खोकला आहे, बाकी तुझी आठवण काढते आणि मला शिव्या देते." नेस्तोर हसायचा आणि फोन ठेवायचा. मग एके दिवशी तातोनं "ये" म्हटलं. बस बदलत बदलत नेस्तोर पोचला तेव्हा आईच्या कबरीवरची फुलं सुकायला लागली होती. त्यानं तातोच्या तोंडावर एकच वाक्य टाकलं, "जोडीदाराशी खोटं बोललास तू," आणि त्यानंतर भावाशी एक अक्षर बोलला नाही. त्याला तीन वर्षं होत आली होती.

हे वाक्य त्रुकोतलं होतं, म्हणून जास्त लागलं. त्रुको हा पत्त्यांचा डाव. दोघांविरुद्ध दोघं, जोडीदार टेबलाच्या पलीकडे समोर, हातात तीन तीन पत्ते. थापा मारणं हे यात पाप नाही, कसब आहे. भल्या भल्या सज्जन माणसांना त्रुको खेळताना पाहावं, पोटच्या पोरांची शपथ घेऊन खोटं बोलतात. पण जोडीदाराला आपले पत्ते तोंडानं नव्हे, चेहऱ्यानं सांगायचे असतात, दुसऱ्या पार्टीची नजर चुकवून. तलवारीचा एक्का, म्हणजे सगळ्यांत मोठा पत्ता, हातात असेल तर भुवया उडवायच्या. सोट्याचा एक्का असेल तर डोळा मारायचा. तिर्री असेल, तीही यात मोठीच, तर खालचा ओठ चावायचा. आणि हातात काहीच नसेल तर डोळे मिटायचे.

आईनं दोघांना हे याच चुलीपाशी शिकवलं होतं. "दुसऱ्या पार्टीशी खुशाल खोटं बोला," ती म्हणायची. "रडा, शपथा घ्या, मेलेल्या आजोबाला मधे आणा. पण जोडीदाराला केलेली खूण खरीच पाहिजे. जोडीदाराशी खोटं बोलणाऱ्याला माझ्या चुलीवर जेवण नाही." पोरांनी त्यात स्वतःची एक खूण वाढवली होती. दोन्ही गाल फुगवायचे, म्हणजे आई चप्पल घेऊन येतेय. ती खूण पाहिली की तातोला हसू आवरत नसे, आणि हसला म्हणून मारही त्यालाच बसे.

आई गेल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात नेस्तोर तळ्यावर आलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात आला, पण पत्त्यांना हात लावला नाही. यंदा मात्र तो येताना मनात काहीतरी घेऊन आला होता. काय, ते त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. पण पहिल्याच दिवशी, गाडीतून तंबू उतरवताना, तातो पाण्याच्या काठानं चालत येताना दिसला आणि नेस्तोरनं हात वर केला. मिर्तानं ते पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. तातोनं सरळ त्याच्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला, आणि तोंड फिरवून झाडीत निघून गेला.

"बघितलंस?" नेस्तोर मिर्ताला म्हणाला. "बघून घे. नंतर म्हणू नकोस मी आडमुठा."

"ऊन डोळ्यांवर असेल त्याच्या."

"ऊन माझ्या डोळ्यांवर होतं. त्याच्या पाठीवर होतं."

तो अपमान नेस्तोरनं पुढचे दहा-बारा दिवस कुरवाळला. बायकांनी मात्र हे भांडण अंगाला लावून घेतलं नव्हतं. मिर्ता आणि तातोची बायको ग्लाडिस रोज सकाळी एकाच पोकळ भोपळ्यातून, एकाच नळीनं माते, म्हणजे पाल्याचा कडू चहा, पीत बसत आणि गोमाश्या मारता मारता दोन्ही नवऱ्यांची यथेच्छ निंदा करत. ग्लाडिसकडून कळत होतं की यंदा गाडी तिनंच चालवत आणली, कारण तातोची पाठ धरली होती. पाठ धरलेला माणूस लाकडाचे ओंडके मात्र मजेत उचलत होता. नेस्तोरला हे दिसत होतं. तातो माते पिण्याच्या भोपळ्यात किटलीतून पाणी ओतायचा ते कडेनं मांडीवर सांडायचं, आणि तो शिव्या घालत उठायचा, हेही दिसत होतं. म्हातारा झाला, नेस्तोरनं मनात म्हटलं, आणि त्यात त्याला थोडं बरंही वाटलं.

शेवटच्या शनिवारी त्रुकोची स्पर्धा आणि मग कोकरू, अशी कॅम्पिंगची रीत होती. कोकरू सकाळपासून लोखंडी क्रूसावर ताणून विस्तवाशेजारी तिरकं उभं करायचं, आणि जिंकलेल्या जोडीनं त्याला पहिली सुरी लावायची. दोन्या इर्मा गळ्यात शिट्टी अडकवून तंबू तंबू हिंडायची आणि जोड्या पक्क्या करायची. ती चुलीपाशी आली तेव्हा नेस्तोर जाळी घासत होता आणि तातो पलीकडे खुर्चीत बसला होता.

"बारिएंतोस आणि बारिएंतोस," ती म्हणाली.

नेस्तोर जाळी आणखी जोरात घासू लागला.

"मागच्या वर्षी मी सोडलं, म्हटलं दुःख ताजं आहे. यंदा सोडणार नाही. माझ्या कॅम्पिंगमध्ये जो खेळणार नाही त्यानं संडास धुवायचे. दोघांनी नाही म्हटलं तर दोघांनी धुवायचे. मिळून."

"दोन्या इर्मा, तुम्हाला माहीत आहे..." नेस्तोरनं सुरुवात केली.

"मला सगळं माहीत आहे. काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही. ते बघ एवढं पाणी समोर पडलंय. मार काठी!" तिनं शिट्टी वाजवली, ती कशासाठी ते कुणालाच कळलं नाही, आणि पुढच्या तंबूकडे गेली.

संडासापेक्षा भाऊ बरा, असा हिशेब करून नेस्तोर टेबलाशी बसला. तातोनं काय हिशेब केला कोण जाणे, पण तोही बसला.

पहिल्या फेऱ्यांत पत्त्यांनी साथ दिली. हातात मोठे पत्ते असले की खुणांची फार गरज पडत नाही, आणि नेस्तोरनं खुणा केल्याच नाहीत. खूण करणं म्हणजे एक प्रकारे बोलणंच, आणि ते सुरू करायला तो काही मोकळा नव्हता. तातो मात्र खुणा करत होता. भुवया उडवत होता, ओठ चावत होता, अगदी पूर्वीसारखा. त्याच्या खुणा खऱ्या होत्या. दरवेळी नेस्तोरला आतून हलल्यासारखं होई, आणि दरवेळी तो समोरच्या कोकराकडे बघून स्वतःला सावरी.

शेवटचा सामना सांपोनी बहिणींशी पडला. चोचा आणि ओल्गा, दोघी निवृत्त शिक्षिका, दोघी बिनलग्नाच्या. एकमेकींशी दिवसभर भांडायच्या, पण टेबलाशी बसल्या की एकजीव. चोचा पत्ता टाकताना तो आपटायची आणि त्याचं नाव असं ओरडायची की तळ्यावरची बदकं उडावीत. तिनं शाळेत तीन पिढ्यांना घाम फोडला होता आणि निवृत्तीनंतर ही सवय जाऊ दिली नव्हती. पश्चिमेचा वारा नेहमीप्रमाणे दुपारी सुटला होता, पत्त्यांवर दगड ठेवावे लागत होते, आणि निम्मं कॅम्पिंग खुर्च्या घेऊन भोवती जमलं होतं.

"काय मुलांनो," चोचा म्हणाली, "बोलत नाही म्हणे तुम्ही. बरंय. नापास होताना आवाज होणार नाही."

"तुम्ही आमच्या दोघांच्याही वाटचं बोला, दोन्या चोचा," तातो म्हणाला.

"हा बघ, पत्ते नाकाला लावतो! वास घेऊन ओळखतोस का रे?"

"तुमचे पत्ते तर इथपर्यंत वास मारतायत."

लोक हसले. तातो खरंच पत्ते डोळ्यांच्या अगदी जवळ, थोडे तिरके धरून बघत होता. नेस्तोरला वाटलं, नाटक करतोय.

बहिणी पुढे सरकू लागल्या, तशी नेस्तोरची चुळबूळ वाढली. हरणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं, आणि चोचाकडून हरणं तर मुळीच नाही. शेवटी अहंकार गिळून त्यानं पहिली खूण केली. हातात तीनही पत्ते फुटकळ होते, म्हणून त्यानं तातोकडे बघत डोळे मिटले. माझ्याकडे काही नाही, सांभाळ. डोळे उघडतो तो तातो छाती काढून ओरडत होता, "त्रुको!" त्रुको ओरडलं की डावाची किंमत एका गुणावरून दोनावर जाते. चोचानं आनंदानं "कबूल!" म्हटलं आणि डाव खिशात घातला. ओल्गानं गुण मोजायचे दाणे आपल्याकडे ओढले.

नेस्तोरनं हातातले पत्ते फेकले. मी तीन वर्षांनी खूण केली, आणि यानं ती पायाखाली घातली. पहिल्या दिवशी हात वर केला तेव्हा जसं तोंड फिरवलं, तसंच. त्यानं पुढच्या डावात पुन्हा खूण केली, तिर्रीची, ओठ जवळजवळ रक्त येईपर्यंत चावून. तातो त्याच्याकडेच बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. मग त्याच तातोनं भुवया उडवल्या, तलवारीचा एक्का असल्याची खूण केली, आणि खरोखर तो एक्का टाकलाही.

माणूस खुणा करतो आहे, खऱ्या करतो आहे, पण घेत नाही. नेस्तोरनं भावाकडे पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं. तातोची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. थोडी बाजूला होती, कानाच्या पलीकडे, जणू मागे कुणी उभं आहे आणि तातो त्याला बघतो आहे. नेस्तोरनं मागे वळून पाहिलं. मागे फक्त तळं होतं.

तेव्हा त्यानं गाल फुगवले. दोन्ही, गच्च, लहानपणी फुगवायचा तसे.

सत्तावन्न वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, तेलाच्या विहिरीवरचा मुकादम भर टेबलाशी गाल फुगवून बसला. चोचाला हसू फुटलं. "अगं बाई! गालगुंड झालं की काय रे तुला?" भोवतीचे लोकही हसायला लागले. मिर्तानं कपाळाला हात लावला. तातो एवढा मोठा आवाज ऐकून इकडे तिकडे मान वळवू लागला. "काय झालं? काय झालं?" असं तो ओल्गाला विचारत होता, आणि नुसतं हसायचं म्हणून हसत होता.

नेस्तोरनं गाल सोडले. त्याला एकेक आठवू लागलं. मांडीवर सांडणारं पाणी, ग्लाडिसनं चालवलेली गाडी, नाकाला लावलेले पत्ते. आणि तो पहिला दिवस. तातो क्षणभर थांबला होता, डोळे बारीक करून पाहत होता. तोंड फिरवण्याआधी थांबला होता, एवढं नेस्तोरला आता आठवलं. दहा-बारा दिवस त्यानं जे कुरवाळलं ते काही नव्हतंच.

"खेळता का गाल फुगवता?" चोचा म्हणाली.

शेवटचा डाव वाटला गेला. बहिणींना जिंकायला दोन गुण हवे होते, भावांना तीन. नेस्तोरनं पत्ते उचलले. दोन फुटकळ, आणि तिसरा तलवारीचा एक्का. पहिला हात तातोनं तिर्रीवर काढला. आता आणखी एक हात काढला की डाव भावांचा, आणि तो हात नेस्तोरच्या मुठीत होता. हे टेबलाशी फक्त त्याला एकट्याला माहीत होतं.

"त्रुको!" चोचा गरजली. "तातो, बोल! तुमच्यात तूच बोलतोस ना?"

हे खरं होतं. जोडीत शब्द एकाचाच, नाहीतर जोडी फुटते, हा आईचा नियम होता, आणि बारिएंतोसांत शब्द थोरल्याचा. तातोपुढे तीन वाटा होत्या. कबूल म्हणायचं, पत्ते टाकून द्यायचे, किंवा "रेत्रुको" म्हणून किंमत तिनावर न्यायची. त्यानं उरलेले दोन पत्ते नाकापाशी नेले. ते काय आहेत हे नेस्तोरला त्याच्या खांद्यांवरूनच कळलं. मग तातोनं मान वर करून जोडीदाराच्या दिशेनं पाहिलं, कानाच्या बाजूला, तळ्याकडे. नेस्तोरनं भुवया उडवल्या. पुन्हा उडवल्या. सगळ्या कॅम्पिंगला दिसतील इतक्या उघड, की चोचाला ती थापच वाटली असेल. तातोचा हात पत्ते खाली टाकायला निघाला.

"तातो," नेस्तोर म्हणाला.

हात थांबला. खुर्चीतली ग्लाडिस उभी राहिली.

"तातो, माझ्याकडे तलवारीचा एक्का आहे."

एकच हशा उठला. चोचा टेबलावर हात आपटून हसत होती. त्रुकोत आपला पत्ता असा ओरडून कोण सांगतं? सांगतो तो हमखास नसलेला पत्ता सांगतो. "तीन वर्षांनी तोंड उघडलं," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि पहिलीच थाप! तातो, ऐकलंस का भावाचं? बिचाऱ्याच्या हातात बहुतेक चव्वी आहे."

तातो हसला नाही. आवाज आला त्या दिशेला त्यानं चेहरा वळवला होता. नेस्तोरला आता जिंकण्याचं काही पडलं नव्हतं. यानं आपलं खरं मानावं, एवढंच त्याला हवं होतं.

"आहे?" तातोनं हळूच विचारलं.

"आहे."

"रेत्रुको," तातो म्हणाला.

"कबूल!" चोचा इतक्या जोरात ओरडली की ओल्गानं तिला चिमटा काढला. "अगं थांब, जरा विचार तरी कर," ओल्गा म्हणत होती, पण शब्द गेला तो गेला. तातोनं एक चव्वी टाकली. चोचानं हात उंच नेऊन सोट्याचा एक्का टेबलावर आपटला आणि नाव घेतलं. त्याच्यावर जाणारा पत्ता अख्ख्या जोडात एकच. नेस्तोरनं तो तिच्या पत्त्यावर अलगद ठेवला, आणि चोचाच्याच थाटात, तातोला ऐकू जाईल असा ओरडला, "तलवारीचा एक्का!"

चोचा त्या पत्त्याकडे बघत राहिली. "खरं बोलून फसवलंस!" ती म्हणाली. "नालायका! चाळीस वर्षं खेळतेय, असला लबाड माणूस पाहिला नाही."

टाळ्या, शिट्ट्या, दोन्या इर्माची शिट्टी. मिर्ता आणि ग्लाडिस एकमेकींना मिठी मारून कशाबद्दल तरी रडत होत्या. कुणीतरी सुरी आणायला धावलं. नेस्तोर टेबलाला वळसा घालून गेला आणि त्यानं तातोच्या कोपराला धरलं. "चल, हात धुऊन येऊ," तो म्हणाला. कुणी त्यांच्या मागे गेलं नाही.

काठावर वाऱ्यानं लाटा उठल्या होत्या. ऊन अजून बरंच वर होतं. जानेवारीत इथला सूर्य बुडायला मागत नाही. दोघांनी वाकून हात धुतले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"मी गाल फुगवले होते," नेस्तोर म्हणाला.

तातोनं हात झटकले. "म्हणून हसली होय ती."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तातो."

तातो एका दगडावर बसला. "हिवाळ्याच्या आधीपासून. कडेकडेचं दिसतं. मधलं जातं. माणूस दिसतो, झाड दिसतं, चेहरा दिसत नाही. चेहऱ्याच्या जागी डाग. बसनं नेऊकेन शहरात जाऊन डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं. ग्लाडिसला सांगितलं, पंपाचे सुटे भाग आणायला चाललोय."

"काय म्हणाला डॉक्टर?"

"डोळ्यात सुया देतात म्हणे. दर महिन्याला. गेलं ते येत नाही, राहिलं ते टिकतं."

"मग?"

"मग काय! दर महिन्याला पंपाचे भाग कुठून आणू?"

नेस्तोरला हसू आलं आणि त्याच क्षणी भयंकर राग आला. "पुन्हा तेच!" तो ओरडला. "पुन्हा तेच केलंस तू! आईचं झाकलंस, आता स्वतःचं झाकतोयस. तुला वाटतं काय? तू एकटा सगळं उचलणार आणि आम्ही फुलं घेऊन नंतर यायचं?"

तातो खाली मान घालून ऐकत होता. एक लाट त्याच्या बुटांवरून गेली तरी त्यानं पाय उचलले नाहीत.

"आईनं शपथ घातली होती," तो शेवटी म्हणाला. "म्हणाली, नेस्तोर काम सोडून मधेच आला की मला कळेल मी मरतेय. तो येत नाही तोवर मला नुसता खोकला आहे. असं म्हणाली. मग मी काय करणार होतो? तिच्यासाठी तुला खोकलाच सांगत राहिलो."

नेस्तोरला हे माहीत नव्हतं. तीन वर्षांत त्यानं विचारलंच नव्हतं. आईचा आवाज जसाच्या तसा त्याच्या कानात आला, तिचा तो हट्ट, आणि त्याला तिचाही राग आला, आणि ती इतकी हवीशी वाटली की तो दगडाशी तसाच खाली बसला.

"तरी मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हो. हवं होतं."

नेस्तोर ओले हात पँटला पुसत म्हणाला, "मला पंधरा दिवस काम, पंधरा दिवस सुट्टी. सुट्टीत मी करतो काय, तर मिर्ताच्या पायात पायात. नेऊकेनला मी नेईन तुला."

"तुला कशाला..."

"शब्द थोरल्याचा, ते पत्त्यांत. इथं नाही. आणि ग्लाडिसला आत्ता सांगायचं. कोकराला सुरी लावायच्या आधी. नाही सांगितलंस तर मी मधोमध उभा राहून ओरडून सांगीन."

"सांग की," तातो म्हणाला. "तुझं खरं कुणाला पटतंय?"

दोघं हसले, आणि मग तातो इतका हसला की त्याचं त्यालाच आवरेना, लहानपणी चप्पल खायचा तसा. डोळे पुसून तो उठला. नेस्तोर हात द्यायला पुढे झाला तर त्यानं तो झटकून टाकला. "झाडं दिसतात मला," तो म्हणाला. "ग्लाडिस कुठंय तेवढं सांग."

"विस्तवापाशी. लाल स्वेटर. डावीकडे."

तातो निघाला. वाळूत पाय रोवत, जरा जपून, पण ताठ. नेस्तोर पाण्याशी उभा राहून बघत होता. विस्तवापाशी पोचायच्या आधी तातो थांबला आणि वळून तळ्याच्या दिशेनं पाहू लागला, डोळे बारीक करून, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसा.

नेस्तोरनं हात वर केला. मग आठवलं, आणि तो सगळ्या कॅम्पिंगला ऐकू जाईल असा ओरडला, "तातो! हात वर केलाय रे मी!"

तातोनं हात वर केला.